प्रल्हाद शिंदे यांचा आवाज आणि समीक्षेचे सोवळे

दरवर्षी ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबांची पालखी देहूहून प्रस्थान ठेवते आणि पुढच्या मुक्कामाला देहूरोड-निगडीमार्गे आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात येते. त्या दिवसांत जुन्या पुणे-मुंबई रस्त्याच्या दुतर्फा चहा-फराळवाटपाचे मांडव पडतात, आणि मांडवामांडवांतून एकच आवाज ऐकू येतो. तो प्रल्हाद शिंदे यांचा असतो. दत्ता पाटील यांनी लिहिलेले पंढरीच्या वाटेचे ते गाणे वारकऱ्यांच्या टाळांवरही मात करून वाजत राहते. त्याआधी दोन-अडीच महिने, 14 एप्रिलला, पिंपरीतल्या आंबेडकर पुतळ्याच्या परिसरात हाच आवाज भीमगीते गात असतो. ध्वनिक्षेपकही पुष्कळदा त्याच मांडववाल्याचे असतात. प्रल्हाद शिंदे 2004 मध्ये वारले. त्यांच्या आवाजाची ही वार्षिक फेरी मात्र चुकलेली नाही.

या दोन गाण्यांमधले अंतर हा आंबेडकरी श्रोत्यांमधला जुना वादविषय आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांपैकी पहिल्या तीन अनुक्रमे ब्रह्मा-विष्णू-महेश, राम-कृष्ण आणि गौरी-गणपती यांना न मानण्याविषयीच्या आहेत. असे असता, ज्याच्या भीमगीतांवर वस्त्यावस्त्यांनी जीव टाकला त्या कव्वाली-गायकाने विठ्ठलाची आणि गणपतीची गाणी गावीत, एवढेच नव्हे तर सत्यनारायणाची कथाही ध्वनिमुद्रित करावी, हे कसे समजून घ्यायचे? प्रश्न रास्त आहे आणि ज्यांनी तो विचारला त्यांना तो विचारण्याचा पूर्ण अधिकार होता. माझे भांडण त्या श्रोत्यांशी नाही. ते आहे विद्यापीठीय मराठी समीक्षेशी, जी या प्रश्नाला दोनच आयती उत्तरे देते आणि दोन्ही वेळा गाणे ऐकायचे टाळते.

निमित्त घडले ते एका प्रबंधिकेचे. आमच्या पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थिनीने आंबेडकरी गीतपरंपरेवर लिहिताना शिंदे यांच्या भक्तिगीतांना एक स्वतंत्र प्रकरण दिले आणि त्याला ‘तडजोडीचा कालखंड’ असे शीर्षक ठेवले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ते प्रकरण खोडले. त्यांचा शेरा असा, की कलेला जात नसते, सबब हा प्रश्नच वाङ्मयबाह्य आहे. शीर्षक चूक होते; पण शेरा त्याहून अधिक चूक होता.

प्रथम शीर्षकाचा विचार करू. ‘तडजोड’ हा शब्द त्या मुलीने स्वतः शोधलेला नाही, तो तिला आम्हीच शिकवला आहे. दलित साहित्याच्या समीक्षेने जी मूल्ये प्रस्थापित केली, त्यांत अनुभवाची प्रामाणिकता आणि बांधिलकी ही अग्रभागी होती. ती तशी असणे ऐतिहासिकदृष्ट्या अटळ होते. ‘बलुतं’ (1978) वाचताना लिहिणारा ‘मी’ आणि जगलेला ‘मी’ यांच्यात अंतर नसणे हीच त्या लेखनाची ताकद होती, आणि शरणकुमार लिंबाळे यांनी ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (1996) लिहिताना आंबेडकरी जाणिवेला जे स्थान दिले त्यामागे या अनुभवाचे बळ होते. परंतु हा निकष स्वाक्षरी असलेल्या लेखनातून आलेला आहे. तो आत्मकथनाचा आणि कवितेचा निकष आहे. गायकाला तो जसाच्या तसा लावला की गाणाऱ्याचे प्रत्येक गाणे म्हणजे त्याचा जबाब होऊन बसतो. मग दुसऱ्याने लिहिलेले, तिसऱ्याने चाल लावलेले, चौथ्याने बाजारात आणलेले शब्द गाणाऱ्याच्या नावावर साक्ष म्हणून नोंदवले जातात.

मराठीच्या स्वतःच्या परंपरेत आवाजाचा व्यवहार इतका सरळ कधी नव्हता. कीर्तनकार अभंगाच्या अखेरीस तुकोबांची नाममुद्रा उच्चारतो तेव्हा तो स्वतःला तुकाराम म्हणवीत नाही. गौळणीत पुरुष संत गोपीच्या तोंडून बोलतात. लावणी रचणारा शाहीर स्त्रीचा ‘मी’ बेधडक वापरतो. निवेदक आणि लेखक यांतला भेद आम्ही पाश्चात्त्य कथनमीमांसेच्या आधारे वर्गात दोन-दोन तास शिकवतो, पण लोकगायक समोर आला की तोच भेद विसरतो. (तो विसर केवळ काही गायकांच्याच बाबतीत पडतो, हे पुढे पाहू.)

तथापि इथे थांबून गायकाची निर्दोष सुटका करणेही मला मान्य नाही. ‘आवाज उसना, शब्द परका’ असे म्हटले की हिशेब मिटत नाही, कारण श्रोता ऐकतो तो शब्द नव्हे, तो एका ओळखीच्या माणसाचा गळा असतो. रोलाँ बार्थ यांनी 1972 मध्ये आवाजाच्या पोताविषयी जे लिहिले, त्याचा आशय हाच, की गाण्यात भाषेशी भिडणारे गाणाऱ्याचे शरीरही ऐकू येते. प्रल्हाद शिंदे यांच्या वरच्या पट्टीत, शब्द फेकण्याच्या पद्धतीत, कव्वालीने कमावलेल्या त्या मोकळ्या, काहीशा चिरफाळणाऱ्या सुरात जे शरीर ऐकू येते ते कोणत्या वस्तीतले आहे, हे त्यांच्या श्रोत्यांना सांगावे लागत नव्हते. तेव्हा वाद झाला तो श्रोते अडाणी होते म्हणून झाला नाही. त्यांना नीट ऐकू येत होते म्हणून झाला.

ही गोष्ट मला पुस्तकांनी शिकवली नाही. माझे वडील भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत एका लहान कारखान्यात लेथवर काम करीत. 1990 नंतरच्या एक-दोन वर्षांतली गोष्ट असावी. कारखान्यात वार्षिक सत्यनारायण होता आणि कामगारांची मुलेबाळे प्रसादाला आली होती. भटजींना यायला उशीर झाला, म्हणून कोणीतरी टेपवर सत्यनारायणाच्या कथेची कॅसेट लावली. आवाज अर्थातच प्रल्हाद शिंदे यांचा. कारखान्यात दोन बौद्ध कामगार होते. त्यांपैकी एक जण, फिटर होते ते, टेपजवळ जाऊन बसले, कथा संपेपर्यंत ऐकली आणि तीर्थ-प्रसाद न घेता उठले. दुसरे आवाज सुरू होताच बाहेर निघून गेले आणि फाटकापाशी विडी ओढत उभे राहिले. पुढे आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत दोघांचे वाजत राहिले, ते वडील घरी येऊन सांगत. पहिल्यांचे म्हणणे, “कथा त्यांची आहे, गळा आपला आहे. मी गळा ऐकला.” दुसरे म्हणत, “गळा आपला आहे म्हणूनच लागतं ना! भटजीनं म्हटली असती तर मला काय होतं?”

या दोन वाक्यांत जेवढी समीक्षा आहे तेवढी मला त्यानंतर या विषयावरच्या एकाही चर्चासत्रात आढळलेली नाही. फिटरांनी आस्वाद आणि आचार यांत रेघ ओढली: ऐकेन, पण प्रसाद घेणार नाही. प्रतिज्ञेचे क्षेत्र त्यांनी नेमके आखले होते. दुसऱ्यांनी ती रेघ नाकारली. त्यांच्या दृष्टीने आवाज ही समूहाची ठेव होती आणि ती परक्या गाभाऱ्यात गहाण पडलेली पाहणे त्यांना सहन होत नव्हते. दोघांनाही गाणे ‘वाङ्मयबाह्य’ वाटले नाही आणि दोघांपैकी कोणी ‘तडजोड’ हा शब्द वापरला नाही. त्यांना गायकाची कमाई ठाऊक होती, कारण स्वतःची ठाऊक होती.

आता परीक्षकांच्या शेऱ्याकडे वळू. ‘कलेला जात नसते’ हे वाक्य मराठीत नेहमी एकाच दिशेने उच्चारले जाते. महंमद रफी यांनी ‘बैजू बावरा’ (1952) मध्ये गायिलेल्या भजनाचा दाखला अशा वेळी हटकून येतो. शब्द शकील बदायुनी यांचे, संगीत नौशाद यांचे, तिघेही मुसलमान, आणि पाहा कशी भक्ती! दाखला खरा आहे, पण तो ज्या सहिष्णुतेचा म्हणून दिला जातो तिला किंमत मोजावी लागलेली नसते. गायक आपल्या देवाकडे आला की कलेला जात नसते. तो आपल्या देवाकडून गेला की मात्र ती एकाएकी ‘प्रचारकी’ होते. प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते ज्या घरांत गणेशोत्सवभर वाजतात, त्यांपैकी किती घरांत त्यांची भीमगीते वाजतात, याचे उत्तर वाचकाने स्वतःच्या घरापुरते द्यावे.

तुलनेसाठी पठ्ठे बापूरावांचे उदाहरण घेऊ. रेठरे हरणाक्ष येथील श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी या ब्राह्मणाने जात-गोत सोडून तमाशाचा फड धरला, पवळाबाईंना साथीला घेतले आणि मराठी लावणीचे एक युग गाजवले. त्यांच्या काळात हाही वादग्रस्तच निर्णय होता. पण मराठी वाङ्मयेतिहासाने त्याचे काय केले? त्याचे आख्यान केले. कलेसाठी कुळावर पाणी सोडणारा कलंदर, अशी प्रतिमा उभी केली. पवळाबाईंनी काय सोडले, काय मिळवले, हा प्रश्न त्या आख्यानात फारसा येत नाही. महाडच्या लढ्यासाठी बापूरावांनी देऊ केलेली खेळाची कमाई बाबासाहेबांनी नाकारली अशी आख्यायिका आहे; महार स्त्रीला नाचवून मिळालेला पैसा नको, असे तिचे तात्पर्य सांगतात. म्हणजे ‘ही कला कोणाच्या शरीरावर आणि कोणाच्या पोटावर उभी आहे’ हा प्रश्न आंबेडकरी चळवळीच्या स्मृतीत प्रारंभापासून आहे. शिंदे यांना त्यांच्या श्रोत्यांनी विचारलेला प्रश्न या प्रश्नाचा वारस आहे. त्याला वाङ्मयबाह्य म्हणणाऱ्यांनी बापूरावांच्या त्यागाची गोष्टही अभ्यासक्रमातून काढावी. वरून खाली आलेल्याचे ते समर्पण आणि खालून बाजारात गेलेल्याची ती लाचारी किंवा, उदार मनाने, ‘निव्वळ कला’, असे दोन तराजू एका दुकानात चालत नाहीत.

अलीकडे या वादात तिसरे एक उत्तर पुढे येऊ लागले आहे, आणि ते आमच्याच परिसरातून येत असल्यामुळे त्याची दखल घेणे भाग आहे. 1954 मध्ये, म्हणजे पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली त्याच वर्षी, 25 डिसेंबरला बाबासाहेबांनी देहूरोडला रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली. त्या भाषणात त्यांनी पंढरपूरचा विठ्ठल मुळात बुद्ध असल्याचे मत मांडले आणि त्यावर प्रबंध लिहिण्याचा मानस बोलून दाखवला. तो प्रबंध पुरा झाला नाही. तुकोबांच्या देहूपासून अवघ्या काही किलोमीटरांवर हे बोलले गेले, याचे महत्त्व मी कमी लेखत नाही. परंतु यावरून ‘विठ्ठल बुद्धच, मग प्रल्हाद शिंदे यांनी गायिली ती एका अर्थी बुद्धगीतेच’ अशी जी संगती लावली जाते ती मला सोयीची वाटते. विठ्ठलाला ती लागू पडेल. गणपतीचे आणि सत्यनारायणाचे काय करायचे? शिवाय शिंदे घराणे मूळ मंगळवेढ्याचे, चोखोबांच्या गावचे, एवढ्यावरून त्यांच्या गाण्यात चोखोबांची पायरी ऐकू येते असे म्हणणारेही आहेत. रोजगाराला विद्रोहाचे वस्त्र नेसवल्याशिवाय दलित कलावंताचा आदर करताच येत नसेल, तर तो आदर कलावंताचा नव्हे, आपल्या सिद्धान्ताचा आहे. गायकाने पैशासाठी गायिले. कॅसेटच्या बाजारात भक्तिगीताला मागणी होती आणि त्यांचा गळा त्या मागणीला पुरून उरला. ब्राह्मण गायिकेने पैशासाठी लावणी गायिली तर आपण तिच्या अष्टपैलुत्वाचे कौतुक करतो. व्यावसायिक असण्याचा हा साधा हक्क इथे का नाकारला जातो?

खरी अडचण शिंदे यांच्या नावाशी संपतही नाही. ‘तूच सुखकर्ता’ हे घराघरांत पोचलेले गणेशगीत लिहिले हरेंद्र जाधव यांनी. त्यांनीच भीमगीतेही लिहिली आणि ती त्याच गळ्याने गायिली. म्हणजे वाद केवळ गायकाच्या निवडीचा नव्हता. एक अख्खी आंबेडकरी कारागिरी दोन बाजारांना माल पुरवीत होती. दोन्ही ठिकाणचे छंद, ध्रुपदाची ठेवण, संबोधनाची रीत यांत कोणते साम्य आहे? भीमगीताने भक्तिगीताचा साचा उचलला, की भक्तिगीतात जलशाचा आणि कव्वालीचा ताल शिरला? हे प्रश्न शुद्ध वाङ्मयीन आहेत, आणि त्यांच्याकडे जायची वाट श्रोत्यांच्या वादातूनच जाते. आज नातू आदर्श शिंदे ‘दुनियादारी’ (2013) चित्रपटात गाभाऱ्यातल्या देवाला आळवतात आणि 2019 मध्ये बाबासाहेबांवरील मालिकेचे शीर्षकगीतही गातात, तेव्हा वस्तीतला वाद पुन्हा सुरू होतो. समीक्षा मात्र अजून पहिल्याच पिढीपाशी अडलेली आहे.

त्या विद्यार्थिनीने प्रकरण काढून टाकले नाही, नव्याने लिहायला घेतले आहे. सध्या ती पुण्याच्या जुन्या बाजारातून आणि चाकण, भोसरीतल्या नातेवाइकांच्या माळ्यांवरून कॅसेटांची वेष्टने गोळा करते आहे. गायकाचे छायाचित्र मोठे, गीतकाराचे नाव बारीक टायपात, कोरसमधल्यांचे कुठेच नाही. अभ्यासमंडळाकडे पाठवायच्या प्रस्तावात आम्ही हरेंद्र जाधव यांचे एक गणेशगीत आणि एक भीमगीत एकाच घटकात ठेवले आहे. आजवर पहिले आले असते तर ‘भक्तिगीत’ म्हणून आले असते आणि दुसरे ‘दलित साहित्य’ म्हणून. घटकाला नाव काय द्यावे, यावर तिचे आणि माझे अद्याप जमलेले नाही.