पाण्याचे देणे

गेल्या वर्षी भाच्याच्या आग्रहावरून आम्ही उभयतां इंग्लंडात महिनाभर राहून आलो. तेव्हा डॉर्सेट परगण्यातले शाफ्ट्सबरी हे डोंगरमाथ्यावरचे गाव पाहिले. टॉमस हार्डीच्या ‘ज्यूड दि ऑब्स्क्युअर’ (१८९५) या कादंबरीत ते ‘शास्टन’ नावाने येते. कॉलेजात असताना झालेली ही ओळख. म्हटले, एकदा प्रत्यक्ष भेटावे.

गाव सुमारे ७०० फूट उंचीवर. खाली ब्लॅकमोरचे हिरवेगार खोरे. गोल्ड हिल नावाची दगडगोट्यांची एक गल्ली अशी काही उतरत जाते की पाहणाऱ्याने भिंतीचा आधार शोधावा. १९७३ साली रिडली स्कॉट यांनी एका पावाच्या जाहिरातीसाठी सायकल ढकलत चढणारा पोरगा इथेच चित्रित केला. तेव्हापासून ही गल्ली इंग्रजांच्या घरोघरी पोहोचली.

आता मास्तरकी अंगात भिनलेली. सौ.ला तिथेच उभी करून मी व्याख्यान सुरू केले. आल्फ्रेड राजाने ८८८ च्या सुमारास इथे जोगिणींचा मठ स्थापला आणि आपल्याच मुलीला त्याची पहिली मुख्य नेमले. खून झालेल्या एडवर्ड राजाच्या अस्थी इथे आणल्या, त्यामुळे यात्रेकरूंची रीघ लागली. कॅन्यूट राजा १०३५ मध्ये इथेच वारला. मठ इतका गबर की, इथली मठाधिकारीण ग्लास्टनबरीच्या महंताशी लग्न करती तर त्यांच्या वारसाची जमीन राजाहून जास्त भरती, असे लोक गमतीने म्हणत. १५३९ मध्ये आठव्या हेन्रीच्या अमदानीत मठ बंद झाला. आज उरलेत पायाचे दगड.

सौ.ने सारे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, “अहो, ते सगळे खरे. पण एवढ्या उंचावर इथल्या बायका पाणी कुठून आणीत?”

माझे व्याख्यान तिथेच आटोपले!

उत्तर मिळाले ते गल्लीच्या माथ्यावरच्या लहानशा संग्रहालयात. डोंगरावर पाण्याची सदाची टंचाई. पायथ्याच्या एनमोर ग्रीन येथे झरे होते, पण ती जागा गिलिंगहॅमच्या जहागिरीतली. पाणी माणसांच्या डोक्यावरून आणि जनावरांच्या पाठीवरून वर चढायचे. त्याबद्दल वर्षातून एकदा, वसंत ऋतूत, नगराध्यक्षासह सारे गाव वाजतगाजत खाली उतरे. पुढे ‘बिझंट’ नावाचे सोनेरी झाड, फिती आणि दागिने लावून मढवलेले. झऱ्यांपाशी नाच होई आणि जहागीरदाराच्या कारभाऱ्याला नजराणा दिला जाई: हातमोज्यांचा जोड, गव्हाचे पाव, गॅलनभर बिअर आणि (आपल्याला ऐकवणार नाही, पण) वासराचे मुंडके. हा सोहळा १८३० पर्यंत चालला. पुढे खर्च डोईजड झाला म्हणून बंद पडला. ते बिझंट आता तिथे काचेआड ठेवले आहे.

मी त्या काचेपुढे बराच वेळ उभा राहिलो. ज्या गावाने राजांच्या अस्थी सांभाळल्या, त्याने दरसाल खाली उतरून सांगावे, ‘पाणी तुमचे, आम्ही तुमचे देणेकरी!’ मला वाटते, त्या गावाचा खरा मोठेपणा ह्या उतरण्यात होता. मठाची जमीन गेली, वैभव गेले. ते कबुलीचे झाड मात्र राहिले.

आणि सौ.लाच तो प्रश्न का सुचला, हेही मग लक्षात आले. आमच्या घरी नळाला पाणी पहाटे तासभर येते. वीस वर्षे ती साडेचारला उठून पिंप भरते आहे आणि मी सातला उठून ‘चहा झाला का?’ असे विचारतो आहे. लहानपणी वाड्याच्या चौकातून दुसऱ्या मजल्यावर हंडे चढवणाऱ्या आईलाही मी कधी काही विचारले नव्हते.

यंदा नरकचतुर्दशीला तिच्या आधी उठून पिंप मी भरणार आहे, असे जाहीर केले. सौ. म्हणाली, “आणि तो हातमोज्यांचा जोड?”

नजराण्याची ती बाब अजून विचाराधीन आहे.