क्लचचे पेडल सैल पडले तर...



वसई, पालघर, शहापूरकडून भाजीपाला घेऊन पहाटे बोरिवली, अंधेरी, मुलुंड, घाटकोपर गाठायचे, तर वाहनांच्या रांगेत क्लच शेकडो वेळा दाबावा लागतो. तिथे क्लचने दगा दिला की गाडी अडते आणि पालेभाजी जागीच सुकते. म्हणून घरी काय तपासावे, ते आज पाहू.

१९६३ साली इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापन झाली व तिचे ट्रॅक्टर कांदिवलीला तयार होऊ लागले. तशा जुन्या ट्रॅक्टरांचा क्लच लोखंडी दांड्यांनी चालतो. पुष्कळ कार व पिकअप गाड्यांत मात्र दांड्यांचे काम तेल करते. पेडलजवळचा मास्टर सिलिंडर तेल ढकलतो, ते नळीतून गिअरबॉक्सकडच्या स्लेव्ह सिलिंडरला जाते आणि क्लच सुटतो.

दोष असा ओळखावा :

१) पेडल मऊ लागते, दोन-तीनदा दाबल्यावर गिअर पडतो : तेलात हवा शिरली आहे.

२) दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली बसते, पण बाहेर गळती नाही : बहुधा मास्टर सिलिंडरचे रबर झिजले आहे.

३) तेलाची पातळी उतरते : पेडलखाली, नळीच्या जोडांवर व स्लेव्ह सिलिंडरवर ओल शोधा. अनेक गाड्यांत ब्रेक व क्लचचा डबा एकच असतो. तेव्हा गळती अंगावर काढू नका, त्यात ब्रेकही जाऊ शकतो.

४) चढावर इंजिन जोर करते, गाडी ओढत नाही : प्लेट झिजली आहे किंवा पेडलला मोकळी चाल उरलेली नाही.

मोकळी चाल हाताने पाहावी. बऱ्याच गाड्यांत ती अर्धा ते दीड सेंटिमीटर असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत मिळेल. ती मुळीच नसेल तर तेल डब्यात परतत नाही, क्लच अर्धवट दाबलेला राहून जळतो. दांड्याला लॉकनट असेल तर तो सैल करून दांडा थोडा थोडा फिरवा आणि नट पुन्हा आवळा. काही गाड्यांत ही सोय नसते. तिथे जबरदस्ती करू नये.

हवा काढायला दोघे लागतात. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना दगड लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. स्लेव्ह सिलिंडरच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतल्या तेलात बुडवा. घरातल्या एकाने पेडल दाबून धरावे, दुसऱ्याने निपल अर्धा फेरा उघडावे. बुडबुडे निघाले की आधी निपल बंद, मगच पाय वर. बुडबुडे थांबेपर्यंत असे करा. डबा मधेच रिकामा होऊ देऊ नका, नाहीतर पुन्हा हवा शिरेल.

झाकणावर लिहिलेले, डॉट ३ किंवा डॉट ४, तेच ब्रेक ऑइल सीलबंद डब्यातून घाला. इंजिन ऑइल, डिझेल, रॉकेल घातल्यास रबरे फुगतात. हे तेल हवेतला ओलावा शोषते. म्हणून उघडा डबा वर्षभर ठेवू नका व निघालेले तेल परत वापरू नका. रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवा. मुलांपासून दूर ठेवा.

हवा काढूनही पेडल पुन्हा मऊ झाले, तर गॅरेज गाठा. आणि रांगेत उभे असताना गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, पाय क्लचवरून काढा. या सवयीला पैसा लागत नाही आणि क्लच अधिक टिकतो.