मद्यधुंद वाहनचालक आणि शिक्षेची खात्री

पुण्याच्या कल्याणीनगर भागात १९ मे २०२४ च्या पहाटे एका भरधाव आलिशान मोटारीने दुचाकीस धडक दिली आणि दुचाकीवरील दोन तरुण अभियंते मृत्युमुखी पडले. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता आणि त्यापूर्वी त्याने मद्यप्राशन केले होते, असा पोलिसांचा आरोप आहे. त्याच दिवशी बालन्याय मंडळाने त्यास जामीन दिला. जामिनाच्या अटींपैकी एक अट रस्ते अपघातांविषयी तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची होती. या अटीने महाराष्ट्रात जो क्षोभ उसळला, तो अद्याप अनेकांच्या स्मरणात असेल. त्या क्षोभातून एकच मागणी सर्वत्र पुढे आली : मद्यपान करून वाहन चालविणाऱ्यांना अधिक कठोर शिक्षा व्हावी.

ही मागणी समजण्यासारखी आहे. मात्र कठोर म्हणजे नेमके काय, याचा विचार भावनेच्या भरात मागे पडतो. कारावासाची वर्षे वाढविणे हा कठोरतेचा एक अर्थ झाला. गुन्हा करणाऱ्यास शिक्षा चुकविता येणार नाही अशी व्यवस्था उभी करणे, हा तिचा दुसरा अर्थ. आपल्याकडे पहिल्या अर्थाची चर्चा फार होते आणि दुसऱ्याची फार कमी. माझ्या मते खरी उणीव दुसऱ्या ठिकाणी आहे.

प्रथम कायदा काय सांगतो ते पाहू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ नुसार शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास वाहन चालविणे गुन्हा ठरतो. २०१९ च्या सुधारणेने पहिल्या गुन्ह्याचा दंड दोन हजार रुपयांवरून दहा हजारांवर नेला. सहा महिन्यांपर्यंतच्या कारावासाचीही तरतूद आहे. पुन्हा तोच गुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व पंधरा हजार रुपये दंड होऊ शकतो. अल्पवयीन मुलाच्या हाती वाहन देणाऱ्या पालकास किंवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पंचवीस हजार रुपये दंड सांगितला आहे. वाहनाखाली माणूस मेल्यास लागू होणारे भारतीय दंड संहितेचे कलम ३०४-अ हे १८७० मध्ये समाविष्ट झाले आणि त्यातील कमाल शिक्षा दोन वर्षे होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती पाच वर्षे झाली आहे.

म्हणजे शिक्षा वाढविण्याचा मार्ग आपण चोखाळलेला आहे. तरीही केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. सरासरी काढली तर दररोज साडेचारशेहून अधिक घरांत सुतक आले. या मृत्यूंमागे खराब रस्ते, अतिवेग, जुनाट वाहने अशी अनेक कारणे आहेत. सर्व दोष मद्याचा नाही. परंतु नुसत्या वाढत्या आकड्यांचा धाक रस्त्यावर पोहोचत नाही, एवढे अनुमान यातून निश्चित काढता येते.

तो का पोहोचत नाही, याचे उत्तर मद्य घेतलेल्या माणसाच्या मनात शोधावे लागेल. रात्री ढाब्यावरून किंवा लग्नाच्या वरातीतून उठून मोटारसायकलला किक मारणारा माणूस कलम १८५ मधील महिन्यांचा हिशेब करीत नाही. त्याच्या मनात एकच प्रश्न असतो : पुढच्या चौकात नाकाबंदी असेल का? ‘नसेल’ असे उत्तर मिळाले की शिक्षा सहा महिन्यांची आहे की सहा वर्षांची, हा प्रश्नच त्याच्यापुरता संपतो. इटालियन विचारवंत चेझारे बेक्कारिया याने १७६४ मध्ये गुन्हे व शिक्षा यांवरील आपल्या ग्रंथात हेच तत्त्व मांडले होते. शिक्षेच्या क्रौर्यापेक्षा तिची अटळता माणसाला गुन्ह्यापासून अधिक परावृत्त करते, असा त्याचा आशय होता.

या तत्त्वाचा प्रत्यय इंग्लंडमध्ये आला. तेथे १९६७ च्या कायद्याने मद्यार्काची मर्यादा ठरविली आणि पोलिसांना श्वासतपासणीचा अधिकार दिला. आरंभी अपघातांतील मृत्यू लक्षणीय प्रमाणात घटले. पुढे प्रत्यक्षात तपासणी क्वचितच होते हे लोकांच्या ध्यानात आले, तसा हा परिणाम ओसरत गेला. कायद्याचा मजकूर तोच होता. सापडण्याची भीती तेवढी गेली होती. मुंबईत वाहतूक पोलिसांनी २००७ मध्ये श्वासतपासणी यंत्रांसह मोहीम सुरू केली आणि न्यायालयांनी पकडलेल्यांपैकी काहींना थोड्या दिवसांसाठी का होईना, कोठडीत पाठविले, तेव्हा ‘आज गाडी नको, रिक्षाने जाऊ’ हे वाक्य मित्रांच्या बैठकीत ऐकू येऊ लागले. या बदलामागे जन्मठेपेची भीती नव्हती. उद्या कचेरीत रजेचे कारण काय सांगायचे, ही भीती होती.

दुसरा प्रश्न गुन्ह्याच्या नावाचा आहे. भाषेच्या अभ्यासकांनी त्याकडे विशेष लक्ष द्यावे. पोलीस ठाण्यातील फिर्यादीत ‘हयगयीने, अविचाराने वाहन चालवून’ हा ठरीव शब्दसमूह आढळतो. हयगय म्हणजे लक्ष न देणे. ज्याने लक्ष दिले नाही, त्याचा दोष सौम्य मानला जातो. याउलट आपल्या कृतीने माणूस मरू शकतो याची जाणीव असताना ती कृती केली, तर तो ‘सदोष मनुष्यवध’ ठरू शकतो आणि त्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. एका बाजूस हयगय, दुसऱ्या बाजूस जाणीव. खटल्याचे सारे भवितव्य या दोन शब्दांमधील सीमारेषेवर ठरते.

मुंबईच्या कार्टर रोडवरील प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे एक मोटार पदपथावर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर गेली. सात जण ठार आणि आठ जण जखमी झाले. सत्र न्यायालयाने हयगयीचे कलम लावून सहा महिन्यांची शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने तोच प्रकार सदोष मनुष्यवध मानला व तीन वर्षांची शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये तो निर्णय कायम केला. घटना एकच, पुरावा तोच आणि मृतांची संख्याही तीच. कृतीला दिलेले नाव बदलले आणि शिक्षा सहा पट झाली. मद्य घेऊन चालकाच्या जागी बसणे ही हयगय नाही, तो निर्णय आहे, हे तत्त्व प्रत्येक तपास अधिकाऱ्याने पहिल्या दिवशीच ध्यानात ठेवले, तर सध्याच्या कायद्यातूनही पुरेशी कठोरता निर्माण होऊ शकते.

आपली रोजची भाषाही या सौम्यपणात सहभागी आहे. विश्वासघात, आत्मघात या शब्दांत घात करणारा कोणीतरी असतो. ‘अपघात’ या शब्दात मात्र घात उरला आणि घात करणारा नाहीसा झाला. ‘अपघात झाला’, ‘नियंत्रण सुटले’, ‘मोटार पदपथावर चढली’ ही वाक्ये आपण सहज उच्चारतो आणि वृत्तपत्रांतही वाचतो. या वाक्यांचा व्याकरणिक कर्ता अपघात आहे, नियंत्रण आहे, मोटार आहे. माणूस कोठेच नाही. टायर फुटून झालेल्या दुर्घटनेस ही भाषा न्याय देते. मद्य घेऊन केलेल्या कृतीस तीच भाषा अभय देते. आरोप सिद्ध होईपर्यंत कोणास गुन्हेगार म्हणू नये, हे पथ्य पाळायलाच हवे. परंतु मोटार कोणीतरी चालवीत होते, एवढे सांगण्यास त्या पथ्याची आडकाठी नाही.

यावर कोणी म्हणेल की, शिक्षेची खात्री हवी हे मान्य, पण सोबत ती वाढवावीही. त्यात बिघडले कोठे? ज्यांच्या घरातील माणूस गेला, त्यांच्या दृष्टीने दोन वर्षांची शिक्षा ही जखमेवर मीठ चोळण्यासारखीच होती. म्हणून ती पाच वर्षे झाली हे योग्यच झाले. मात्र त्यापुढील प्रत्येक वाढीची किंमत तपासून पाहिली पाहिजे. न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये मृत्यू घडवून पोलिसांना वा दंडाधिकाऱ्यांना न कळविता पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत कारावास सांगितला आहे. त्याविरुद्ध जानेवारी २०२४ च्या आरंभी मालवाहतूकदार व चालकांनी संप केला, महाराष्ट्रातील पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि अखेर हे पोटकलम लागू न करताच बाकीची संहिता अमलात आली. थांबलो तर जमाव मारील आणि पळालो तर तुरुंग, ही ट्रकचालकांची भीती खोटी म्हणता येणार नाही. शिक्षा जितकी मोठी, तितका ती टाळण्यासाठी होणारा खर्चही मोठा होतो. तो खर्च श्रीमंताचा मुलगा करू शकतो. टेंपोचालक करू शकत नाही. वाढीव शिक्षेचा भार अशा वेळी ज्याला वकील परवडत नाही त्याच्यावरच पडतो.

पळून जाण्याचा प्रश्न मद्याशी आणखी एका प्रकारे जोडलेला आहे. रक्तातील मद्यार्क काही तासांत उतरतो. जो चालक थांबतो आणि जखमीला रुग्णालयात नेतो, त्याची तपासणी लगेच होते. जो पळतो आणि दोन दिवसांनी सापडतो, त्याच्या रक्तात काहीच सापडत नाही. कायदा अशा रीतीने पळणाऱ्याला अनुकूल ठरतो. पुण्याच्या प्रकरणात तर रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून सरकारी रुग्णालयातील डॉक्टरांना अटक झाली. त्या आरोपाचा निर्णय न्यायालय देईल. परंतु एका कुपीत घेतलेल्या रक्तावर सारा खटला उभा असेल, तर त्या कुपीचे रक्षण हा शिक्षेच्या वर्षांहून महत्त्वाचा विषय ठरतो.

तेव्हा कठोरता कोठे आणावी? माझ्या दृष्टीने चार ठिकाणी ती अत्यावश्यक आहे. पहिले म्हणजे वाहन परवाना. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्येच मद्यपी चालकाचा परवाना किमान तीन महिने निलंबित करण्याची सूचना राज्यांना दिली होती. माणूस मरण्याची वाट न पाहता पहिल्याच वेळी, तपासणीत दोष आढळताच, हे निलंबन निरपवादपणे व्हावे. दुसरे म्हणजे पुरावा. रक्ताचे दोन नमुने दोन स्वतंत्र प्रयोगशाळांकडे जावेत आणि त्यांच्या प्रवासातील प्रत्येक हस्तांतराची नोंद असावी. तिसरे म्हणजे काळ. २००६ च्या घटनेचा अंतिम निकाल २०१२ मध्ये लागतो, तेव्हा शिक्षा आणि गुन्हा यांचा संबंध लोकांच्या मनातून पुसला गेलेला असतो. अशा खटल्यांना ठरावीक मुदत हवी. चौथे म्हणजे दंडाचे प्रमाण. दहा हजार रुपये ही एखाद्या चालकाची महिन्याची कमाई असते आणि दुसऱ्या एखाद्याचे एका रात्रीचे बिल. फिनलंडमध्ये दंड उत्पन्नाच्या प्रमाणात आकारण्याची पद्धत आहे. तिचा विचार आपणही करावा.

या उपायांनाही मर्यादा आहेत. नाकाबंदीवर पावतीशिवाय होणारा व्यवहार सर्वांना ठाऊक आहे. तपासणीचे चित्रीकरण आणि यंत्रातून आपोआप होणारी नोंद यांखेरीज त्यावर तोडगा नाही. तालुक्याच्या गावाहून रात्री आठनंतर एसटी मिळत नसेल, तर ‘गाडी चालवू नका’ हा उपदेश अपुरा पडतो. जत्रा, लग्नसराई आणि वर्षअखेर अशा दिवसांत तरी उशिराच्या फेऱ्या हव्यात. शिक्षेची भाषा बोलणाऱ्या शासनाने पर्यायाचीही भाषा बोलावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

विद्यार्थिमित्रहो, आपल्यापैकी अनेक जण नोकरी, शेती, संसार सांभाळून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहेत. काही जण स्वतः वाहनचालक असतील, काही पोलीस दलात किंवा परिवहन सेवेत असतील, काही जणांच्या घरातील माणूस रस्त्यावर गेलेला असेल. या विषयावर आपले मत माझ्याहून वेगळे असू शकते आणि ते असावेही. ‘फाशी द्या’ किंवा ‘जन्मठेप द्या’ असे म्हणून प्रश्न मोकळा होत नाही, एवढेच ध्यानी घ्यावे. आपल्या तालुक्यात गेल्या वर्षभरात मद्यपी चालकांचे किती परवाने निलंबित झाले, असा अर्ज माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांत करता येतो. त्याचे उत्तर ज्या दिवशी गावोगावचे लोक मागू लागतील, त्या दिवशी पुढच्या चौकातील नाकाबंदी मद्य घेतलेल्या माणसाला आतापासूनच दिसू लागेल.