राक्षसाच्या जागी प्रश्नचिन्ह

परवा चळवळीतला एक दोस्त खोलीवर आला. भिंतीकडं बघितलं नि भडकलाच. म्हणाला, "अरे, बाबासाहेब रंगव, जोतिबा रंगव. ही भुतं कशाला टांगलीत? हे पोट भरलेल्यांचे चाळे." तेव्हा मी गप बसलो. दिवसभर गोदीत गोणी उचलून पाठीचं लाकूड झालं होतं. आता उत्तर देतो.

भिंतीवर तिघं आहेत. 1931 सालच्या 'ड्रॅक्युला'तला बेला लुगोसी. त्याच सालच्या 'फ्रँकेन्स्टाइन'मधला बोरिस कार्लोफ. आणि 1984 च्या रामसे बंधूंच्या 'पुराना मंदिर'मधला सामरी, म्हणजे अजय अग्रवाल. हा रुरकीत शिकलेला इंजिनिअर. उंची नि लांबोडका चेहरा यापायी पडद्यावर भूत झाला. तिघांनाही मी मोडक्या खोक्यांच्या फळ्यांवर रंगवलंय.

हे मामानं शिकवलं. आम्ही जामखेडकडचे. मामा नगरला (आता कागदोपत्री अहिल्यानगर) सिनेमाचे बॅनर रंगवणाऱ्या एका पेंटरच्या हाताखाली होता. फोटोवर बारीक चौकोन आखायचे, कापडावर तेवढेच चौकोन मोठे आखायचे, आणि एकेका चौकोनातून चेहरा वर चढवायचा. हिरोच्या गालाला गुलाबी. हिरॉइनला पांढऱ्यात जरा पिवळा. भूत आलं की डब्याच्या तळाला उरलेला काळा, तपकिरी, हिरवा. पेंटर म्हणायचा, भुताला काळं कर, लांबून कळलं पाहिजे. मामा आपल्या हाताकडं बघायचा. त्याचा हात नि भुताचा गाल एकाच डब्यातला. पुढं फ्लेक्स आलं, बॅनरचा धंदा बसला, मामा नंबरप्लेटा रंगवायला लागला. पण डब्याची ही गोष्ट त्यानं मला सांगून ठेवली.

तर दोस्ता, रंगालाही जात असते. आपल्याकडं भुतांनासुद्धा आहे. बामण मेला की ब्रह्मराक्षस, मुसलमान मेला की खवीस. मेल्यावरही सुटका नाही. पुराणातले राक्षस म्हणजे इथलेच रक्षक, त्यांना बदनाम केलं, हे जोतिबांनी 1873 सालीच 'गुलामगिरी'त मांडलं. तू मला जोतिबा रंगव म्हणतोस. मी राक्षस रंगवतो तो जोतिबा वाचूनच.

आता तुझ्या विलायती भुताचं ऐक. कार्लोफ हे पडद्यावरचं नाव. खरं नाव विल्यम प्रॅट. बाप इंग्रज सरकारच्या इथल्या मिठाच्या खात्यात नोकरीला होता. पोरगा वर्णानं सावळा. नट म्हणून नाव होण्याआधी त्यानं ट्रक चालवला, अंगमेहनतीची कामं केली. म्हणजे आपल्याच पंगतीतला. राक्षसाचा चेहरा चढवायला मेकअपवाला जॅक पिअर्स रोज तासन्‌तास घ्यायचा. त्या चेहऱ्यानं स्टुडिओ गबर झाला. पण या माणसानं काय केलं? 1933 साली नटांची युनियन उभी करणाऱ्यांत तो होता. मालकांना भ्यायला लावणारा राक्षस! हे आपल्या गोदीतल्या पोरांना सांगितलं तर टाळ्या पडतात.

आणखी एक. फ्रँकेन्स्टाइन हे त्या डॉक्टरचं नाव. राक्षसाला नावच नाही. प्रेतांचे तुकडे शिवून त्याला उभा केला, आणि उभा राहिल्यावर बनवणाराच त्याला भ्याला. तळ्याकाठी पोरीबरोबर फुलं पाण्यात सोडतो. फुलं तरंगतात तशी पोरही तरंगेल, असं समजून तिला पाण्यात टाकतो. पोर बुडते. मग अख्खं गाव मशाली घेऊन मागं. सामरीचंही तसंच: राजा डोकं उडवतो, धड एकीकडं पुरतो, डोकं दुसरीकडं. शेवटी गाव जमून त्याला जाळतं. मी सामरीची वकिली करत नाही. तो पोरंबाळं खाणारा, त्याला त्याची सजा. मी बघतो ते एवढंच की राक्षस ठरला की गावाला मशाल पेटवायला एक मिनिट लागत नाही.

आणि राक्षस चेहऱ्यावरून ओळखू आला नाही, तर?

28 एप्रिल 2014. जयंतीला चौदा दिवस झाले होते. आमच्या जामखेड तालुक्यात खर्ड्याला सतरा वर्षांचं आपलं पोरगं मारलं, झाडाला लटकवलं. वरच्या जातीच्या पोरीशी बोलतो, एवढाच संशय. मी जवळपास त्याच्याच वयाचा होतो. दिवसाढवळ्या झालं. मशाल कोणी पेटवली नाही. कोर्टात साक्षीदार फिरले. 2017 च्या नोव्हेंबरात नगरच्या कोर्टातून आरोपी निर्दोष सुटले. म्हणजे पोरगं मेलं हे खरं, मारलं कोणी नाही.

'फ्रँकेन्स्टाइन'च्या सुरवातीला नटांची नावं येतात. राक्षसापुढं कार्लोफचं नाव नाही, नुसतं प्रश्नचिन्ह. लोकांना भेव वाटावं म्हणून केलेली ती युक्ती. पिक्चर संपल्यावर पुन्हा नावं येतात, तेव्हा तिथं कार्लोफचं नाव असतं.

माझ्या खोलीत चौथी फळी आहे, ती तू बघितली नाहीस. भिंतीला तोंड करून ठेवलीय. तिच्यावर चौकोन आखून झालेत, पांढरा हात मारून झालाय. रंगही आहेत. फोटो नाही. कुठला चेहरा चढवू? काळा रंग घेऊ तर मामाच्या पेंटरचंच खोटं पुन्हा रंगवल्यासारखं होतं. गुलाबी घेऊ तर लोक म्हणतील, हा तर हिरो दिसतोय.

बाबासाहेब मी दर एप्रिलला वस्तीच्या भिंतीवर रंगवतो, आणि रंगवत राहीन. पण दोस्ता, आपण आपलीच चित्रं काढत बसलो तर राक्षस रंगवायचं काम त्यांच्याच हातात राहणार, आणि ते तळाचा डबा घेऊन पुन्हा आपल्याकडंच वळणार. म्हणून हा ब्रश मी सोडत नाही. ती चौथी फळी भरायची आहे. तोवर तिच्यावर मधोमध एक प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय. पुढच्या खेपेला आलास की फळी सरळ करून दाखवतो.