बुडीत खात्यातला उन्हाळा

आमच्या शाखेत तीन नंबरच्या काउंटरवर बसून मला बावीस वर्षं झाली. कागदोपत्री माझ्या जागेला आता कसलंसं भारदस्त इंग्रजी नाव मिळालं आहे. पण लोक ‘इथला कारकून कुठे गेला हो?’ असंच विचारतात आणि मीही मुकाट्याने ओ देतो. या बावीस वर्षांत माझी एक गोष्टीबद्दल पक्की खात्री झाली आहे. माणूस बँकेत दोन कामांसाठी येतो. एक, पासबुक भरून घ्यायला आणि दुसरं, हवेबद्दल तक्रार करायला. पहिल्या कामासाठी आता दाराशी यंत्र बसवलं आहे. दुसऱ्या कामासाठी अजून मीच आहे.

एक निवृत्त ओव्हरसियर दर महिन्याच्या दोन तारखेला पेन्शन काढायला येतात. २०२५ च्या एप्रिलात आले ते छत्री मिटत आणि कपाळ पुसत. म्हणाले, “काय हा उन्हाळा! माणसानं जगावं तरी कसं? केव्हा एकदा संपतोय असं झालंय.” तेच गृहस्थ जूनच्या दोन तारखेला आले ते तीच छत्री झटकत. माझी चार व्हाउचरं भिजवून म्हणाले, “यंदा उन्हाळा असा झालाच नाही हो! सगळी मजा गेली.”

मी साधा बी. कॉम. आहे, तोही दुसऱ्या वर्गातला. पण एकच रक्कम एप्रिलात खर्ची टाकायची आणि जूनमध्ये ‘येणे बाकी’ म्हणून दाखवायची, ही कसली हिशेबाची रीत? आमच्या शाखेत कुणी असं केलं तर त्याची खातेनिहाय चौकशी लागेल. हवेच्या बाबतीत मात्र अख्खा महाराष्ट्र हे दरवर्षी राजरोस करतो आणि कुणाला कारणे दाखवा नोटीस जात नाही!

म्हणून आज मी उन्हाळ्याचं वकीलपत्र घेतलं आहे. फी घेतलेली नाही. दोन कैऱ्या मिळाल्या तर नाही म्हणणार नाही.

आधी उकाड्यावाल्यांचा समाचार घेतो. यांचं सगळं भांडवल म्हणजे पारा. सकाळी पेपर उघडला की आधी आकडा बघतात आणि एक्केचाळीस दिसला की मगच त्यांना घाम फुटतो. त्यांना एवढंच सांगायचं आहे की, वेधशाळेचा तापमापक पांढऱ्या रंगाच्या, झडपा असलेल्या लाकडी पेटीत, जमिनीपासून चारेक फुटांवर, चक्क सावलीत ठेवलेला असतो. खुद्द सरकारी तापमापकाला जर सावली मंजूर आहे, तर तुम्हाला भर दुपारी दोन वाजता तुळशीबागेत जाऊन स्टीलचे डबे बघायला कुणी सांगितलं? आपल्या आजोबांनी उन्हाळा काढला तो डोकं लढवून. पहाटे उठायचं, अकराच्या आत कामं आटपायची, दुपारी दारं लोटून घेऊन माठाशेजारी आडवं व्हायचं आणि पाच वाजता अंगणात पाणी शिंपडून पुन्हा माणसात यायचं. दुपारची झोप हा आळस नव्हे, ती उन्हाळ्याची घटना आहे. आपण ती घटना मोडतो आणि वर उन्हाळ्यालाच दोषी ठरवतो.

आणि उन्हाळा पुण्यातला म्हणाल, तर आमच्या शिवाजीनगरच्या वेधशाळेच्या इमारतीला लोक अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, कारण ते खातं १९२८ साली सिमल्याहून इथे आलं. सिमला सोडून पुण्यात उन्हाळे काढायला आलेलं माझ्या माहितीतलं हे एवढं एकच सरकारी खातं. ज्यांना हवेतलं सर्वांत जास्त कळतं, त्यांनी हे केलं. त्यावरून काय तो बोध घ्यावा.

आता दुसरा पक्ष, ‘उन्हाळा झालाच नाही’वाले. यांना २०२५ चा मे महिना म्हणजे घबाडच मिळालं. त्या साली पाऊस २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत दाखल झाला. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून, म्हणजे सोळा दिवस आधी! आमच्या शाखेत हेडकॅशियर दहाला तीन मिनिटं कमी असताना आले तरी लोक घड्याळं तपासतात, मग इथे तर साक्षात मोसमी पाऊस. त्याच्या आधीचे दोन-तीन आठवडेही धड ऊन नव्हतंच. रोज दुपारी आभाळ यायचं आणि गच्चीवर काही वाळत घातलं की हमखास कोसळायचं. झालं! जिकडे तिकडे एकच सूर. महाबळेश्वरचं बुकिंग वाया गेलं, आंब्यात राम राहिला नाही, मुलं घरात कोंडली गेली, एकंदरीत सुट्टी फुकट. सगळ्यांनी मिळून अख्खा मे महिना बुडीत खात्यात टाकला.

इथे एक गोष्ट स्वच्छ सांगतो. ज्याचा कांदा शेतात भिजला, ज्याच्या हापूसच्या पेट्या जागीच सडल्या, त्यानं तक्रार करावी, कपाळाला हात लावावा, चार शिव्याही द्याव्या. त्याचं खरंच बुडालं. एप्रिलच्या उन्हात डांबर ओतणाऱ्यानं उकाड्याच्या नावानं बोटं मोडली तर मी त्याला माठातलं पाणी देईन, उपदेश देणार नाही. आणि हवामान बदलत चाललंय म्हणून जे खरोखरच काही करताहेत, त्यांच्यापुढेही मी हात जोडतो. माझं भांडण आहे ते पंख्याखाली बसून, आमरसाची दुसरी वाटी पुढे ओढत ‘यंदा काही खरं नाही’ म्हणणाऱ्यांशी. म्हणजे, खरं सांगायचं तर, बऱ्याच अंशी माझ्याशीच.

होय, मीही त्यातलाच होतो. बदललो तो रजेच्या एका नियमामुळे. आम्हा बँकवाल्यांना वर्षाकाठी किरकोळ रजा मिळते. ती वर्षात घेतली नाही तर पुढे तशीच हौसेसाठी वापरता येत नाही. पण ती अगदी वायाही जात नाही. ती आजारपणात वापरण्यासाठी जमा होते! मी हा नियम हजार वेळा वाचला असेन. पण त्या मे महिन्यात एका दुपारी तो वाचताना माझ्या अंगावर काटा आला. ज्या कुणी हा नियम लिहिला, तो कारकून नव्हता, ऋषी होता. आज मौजेसाठी खर्च केला नाहीत, तर तोच दिवस उद्या डॉक्टरच्या सर्टिफिकेटाला जोडून मिळेल. माझ्या खात्यावर तेव्हा अशा पुष्कळ दिवसांची शिल्लक होती आणि मला आजवर तिचा अभिमान वाटत होता.

त्याच संध्याकाळी आमची कन्या म्हणाली, “बाबा, उद्या दुपारी साडेबाराला सावली नाहीशी होणार आहे. बघायची?” मेच्या मध्याला पुण्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली जाते, हे मी या वयापर्यंत कधी पाहिलेलं नव्हतं. तसा हा योग पुन्हा जुलैअखेरीस येतो, पण तेव्हा पावसाळी ढगांनी तो बहुधा बुडतो. एरवी मी म्हणालो असतो, ‘आभाळ आहे गं, पुढच्या वर्षी बघू.’ पण पुढच्या वर्षी तिची दहावी. मी दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज टाकला. कारणाच्या रकान्यात ‘सावली पाहणे’ असं लिहिलं. मॅनेजरसाहेबांनी अर्ज दोनदा वाचला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ‘तब्येत सांभाळा’ असं म्हणून सही केली.

दुपारी गच्चीवर आम्ही स्टीलचा पेला पालथा घालून बसलो. आभाळ गच्च भरलेलं. साडेबारा वाजत आले तरी ऊन नाही. सौ. खालून ओरडली, “पेला भिजेल हो!” आणि तेवढ्यात ढग फाटला. जेमतेम दोन मिनिटं. पेल्याच्या कडेभोवती सावलीची रेघसुद्धा नव्हती. मुलगी आधी पेल्याकडे आणि मग माझ्या पायाशी बघून म्हणाली, “बाबा, तुमची सावली पोटाखाली आलीय.” माझं पोट हा हिशेबाबाहेरचा विषय आहे. पण बावीस वर्षांच्या नोकरीत इतकी वसूल झालेली रजा दुसरी आठवत नाही.

आणि मग कुरडयांचं प्रकरण. आई तेव्हा अठ्ठ्याहत्तरची. आभाळाचा रंग बघून मी तिला बजावलं होतं की यंदा कुरडया नकोत. पण तिनं गहू आधीच भिजत घातले होते. तीन दिवस रोज पाणी बदललं, वाटून चीक काढला, रात्रभर बसू दिला. चौथ्या दिवशी सकाळी बाहेर बघतो तर धो-धो पाऊस. मी म्हटलं, “आई, आजचा दिवस थांब.” ती म्हणाली, “अरे, गहू भिजलेत. त्यांना काय सांगू, उद्या या?”

हे वाक्य तिनं सहज टाकलं असेल. पण ‘उद्या या’ हे आमच्या काउंटरचं घोषवाक्य असल्यामुळे मला ते फार लागलं.

चीक शिजला. हिंगाचा वास जिन्यातून खालपर्यंत गेला. ताट-परातींवर, धुतलेल्या जुन्या धोतरांवर, माझ्या टेबलावरच्या पेपरावर, मिळेल तिथे कुरडया पडल्या. दिवाणखान्यातला पंखा पाचवर, दिवाणाखालच्या जागेत टेबलफॅन. आम्ही चौघं भिंतीला पाठ लावून, पाय पोटाशी घेऊन बसलो होतो, कारण जमिनीवर जागा फक्त कुरडयांना. त्या वाळल्या का? छे! तिसऱ्या दिवशी आंबूस वास सुटला आणि निम्म्याअधिक टाकून द्याव्या लागल्या. पण त्याच्या आधी, घाण्यावर बसल्याजागी, आईनं सोऱ्यात न भरलेला उरलेला गरम चीक वाट्यांतून घातला, वर तूप सोडलं आणि आम्ही तो बोटं चाटत संपवला. शेजारची मंडळीही वास काढत आली. एरवी कडक ऊन असतं तर सगळा चीक कुरडयांत गेला असता आणि शेजारी वास घेऊन परत गेले असते.

आता मला सांगा, हा दिवस नावे टाकायचा की जमा? मालाच्या हिशेबानं तोटा आहे, तो मी नाकारत नाही. तरी मी तो जमेला धरला, आणि त्याचं कारण पुढे कळेल.

माझं म्हणणं एवढंच. उन्हाळा म्हणजे केवळ ऊन नव्हे. दिवस मावळायला सात वाजतात, पोरांना अभ्यास नसतो, माठात वाळ्याचा वास असतो, रस्त्याकडेला बहावा पिवळाधमक लटकलेला असतो आणि माणसं विनाकारण एकमेकांच्या घरी येऊन टेकतात. हा सगळा ऐवज ढगांनी जप्त केलेला नसतो. हवा ही त्या खात्यावरच्या व्याजासारखी आहे, दर कमीजास्त व्हायचाच. पण या वर्षी व्याज कमी मिळालं म्हणून कुणी मुद्दल नाल्यात टाकतं का? एकेका माणसाला मोजून सत्तर-ऐंशी उन्हाळे मिळतात. त्यातले पंधरा शाळेत, चाळीस नोकरीत आणि उरलेले गुडघ्यात जातात. त्यातूनही ‘फार तापला’ म्हणून अर्धे आणि ‘नीट तापला नाही’ म्हणून अर्धे फेटाळले, तर शेवटी शिल्लक काढताना हातात काय येणार?

त्या पावसानंतर दिवाळीच्या सुमारास आईचा उजवा हात अधू झाला. आता सोऱ्या फिरवण्याइतकं बळ त्यात नाही. म्हणजे भिंतीला पाठ लावून आम्ही जो दिवस काढला, तो तिच्या हातच्या कुरडयांचा शेवटचा दिवस होता. आम्ही त्या दिवशी तो ओळखला नव्हता; नशीब एवढंच की बुडीत खात्यात टाकला नव्हता.

परवा मी माळ्यावरून सोऱ्या काढला. आई खुर्चीत बसून सांगत होती आणि मी फिरवत होतो. पहिली कुरडई पाहून मुलगी म्हणाली, “बाबा, हे कावळ्याचं घरटं आहे.” आई मात्र परीक्षकाच्या गांभीर्यानं म्हणाली, “येईल. चार घाणे झाले की येईल.”

मी विचारलं, “आई, पण ऊन पडेल ना?”

ती म्हणाली, “उन्हाचं ऊन बघेल. तू रजा टाक.”