कोराडीत अक्षरे किती?

‘कोराडी’ या शब्दात अक्षरे किती, असे मी बाबांना विचारले. बाबा चौथीपर्यंत शिकलेले. बोटे मोजून म्हणाले, “तीन. को, रा, डी. हे बी कॉलेजात शिकवतात का?”

यंदा मी पायथन ही संगणकाची भाषा शिकते आहे. कला शाखेच्या मुलीला हे कशाला, असे वर्गातच काहींनी विचारले. या भाषेत अक्षरांच्या माळेला ‘स्ट्रिंग’ म्हणतात. ‘कोराडी’ची लांबी विचारताच यंत्राने उत्तर दिले, ६! पायथन आणि युनिकोड दोन्ही प्रथम आले १९९१ साली. युनिकोडमध्ये क, ओकार, र, काना, ड, वेलांटी यांना वेगवेगळे क्रमांक आहेत आणि यंत्र तेच मोजते. फाइलमध्ये यूटीएफ-८ पद्धतीने साठवले की प्रत्येकाला ३ बाइट. म्हणजे तेथे आमचे गाव १८ चे! शब्द उलटा करायला सांगितला, तर वेलांटी निराधार होऊन एकटीच पुढे उभी राहते.

मित्रहो, गंमत एवढीच असती तर लेख लिहिला नसता. आजीच्या तोंडचे शब्द मी एका फाइलमध्ये जमवत होते: इस्तो, वावर, कवेलू. शब्द व त्याचा अर्थ जोडीने ठेवायला पायथनमध्ये ‘डिक्शनरी’ असते. तीत एक शब्द एकदाच राहतो. पण ‘वऱ्हाड’ दोनदा आला! डोळ्यांना दोन्ही सारखेच. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर होते. मैत्रिणीच्या मोबाइलवरून आलेल्या दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह. यादी क्रमाने लावली, तर ‘काळ’ ‘कावळा’च्या आधी बसला. युनिकोडमध्ये ळ हा ल च्या शेजारी आहे, आपल्या वर्णमालेत ह च्या नंतर.

आजीचे आडनावही ‘ऱ्ह’चेच. एका कार्यालयातून ‘यादीत नाव नाही’ म्हणून ती दोनदा परत आली. तिसऱ्या खेपेला तेथल्या एका भल्या माणसाने पडद्यावर बोट ठेवून एकेक ओळ वाचली. नाव होतेच! कारण हेच असेल असे मी छातीठोकपणे म्हणत नाही, पण संशय मात्र जात नाही.

मला वाटते, हा दोष यंत्राचा नाही. ऱ ची सर्व रूपे आधी एकसारखी करून घे, मग शोध, हे सांगायला पायथनमध्ये दोन-चार ओळी पुरतात. पण सांगणार कोण? ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक हा आपल्या शाखेचा विषय आहे, आणि आपण संगणक कक्षाच्या दारावरूनच परत फिरतो! व्याकरणाचा एखादा तास त्या कक्षात का होऊ नये? पुढच्या वार्षिकांकाची लेखकसूची मराठी वर्णक्रमाने लावणारा प्रोग्रॅम द्वितीय वर्षाच्या मराठीच्या विद्यार्थ्यांनी लिहावा, अशी माझी संपादक मंडळाला सूचना आहे. मी काम करायला तयार आहे.

शिकताना चुकाही होतात. फाइल ‘जोडण्यासाठी’ उघडायची, ती मी ‘लिहिण्यासाठी’ उघडली आणि जमवलेले सगळे शब्द क्षणात पुसले गेले. मी रडकुंडीला आले. आजी तांदूळ निवडत होती. म्हणाली, “मंग काय झालं? मी हाय ना अजून. लिही.”