खुनी कोण ते सांगू नका!

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. या लेखात ॲगाथा ख्रिस्तीच्या ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ या कादंबरीविषयी पुष्कळ काही येईल. पण रॉजर ॲक्रॉइडचा खून कोणी केला, हे येणार नाही. ज्यांना ते ठाऊक आहे, त्यांनी कृपा करून शेजाऱ्याच्या कानात सांगू नये. ज्यांना ठाऊक नाही, त्यांचा मला हेवा वाटतो.

एवढी प्रस्तावना करण्याचे कारण घडले आमच्या गावच्या व्याख्यानमालेत. बाहेरगावाहून आलेले एक विद्वान समीक्षक ‘लोकप्रिय साहित्य आणि अभिरुची’ या विषयावर बोलत होते. मी पहिल्याच रांगेत बसलो होतो. शेजारी नववीत शिकणारी माझी नात. तिचे शिक्षण इंग्रजीत, मैत्रिणींशी बोलणे कन्नडात, आणि मराठी घरापुरती. आपल्या सीमाभागातल्या घराघरांतले हे चित्र आहे. ते मी वेगळे रंगवून सांगायला नको. मराठी ती झकास बोलते. वाचायला दिले की मात्र तिसऱ्या ओळीवर जांभई. श्रेष्ठ म्हणून मानली गेलेली पुस्तके मी तिच्यापुढे ठेवून पाहिली. ती पुस्तके तशीच राहिली आणि जांभया वाढल्या. शेवटी एका रात्री मी ॲक्रॉइडची गोष्ट तिला मराठीतून सांगायला घेतली. इंग्रजी पुस्तक मांडीवर, तोंडाने मराठी, रोज एक प्रकरण. कादंबरीची प्रकरणे सत्तावीस. आम्ही सोळाव्यावर होतो. गावातली चार माणसे माहजाँग खेळत बसली आहेत, सोंगट्यांबरोबर गावगप्पाही खाली पडत आहेत आणि त्या गप्पांतूनच एकेक धागा बाहेर येतो आहे, तेच ते प्रकरण.

आणि त्या संध्याकाळी व्यासपीठावरून ते विद्वान म्हणाले की, ज्या पुस्तकात शेवटी अमुक माणूस खुनी निघतो, यापलीकडे काहीच नसते, त्याला साहित्य कसे म्हणावे? ‘अमुक’ मी लिहिले आहे. त्यांनी नाव घेतले होते. टाळ्याही पडल्या.

मी नातीकडे पाहिले. तिने काही न बोलता पायांतल्या चपलेकडे नजर लावली होती. बाई चाळीस वर्षे गाडगे जपते आणि पाहुणा येऊन त्याला काठी लावतो, तसे मला झाले.

या प्रसंगाचा राग मी इतके दिवस पोटात ठेवला. आता दिवाळी अंकाच्या संपादकांनी पाने दिली आहेत, तर तो सविस्तर काढतो. रागामागे विचार आहे, तो वाचकांनी तपासून घ्यावा.

आधी थोडी हकीकत. ही कादंबरी लंडनच्या ‘इव्हिनिंग न्यूज’मध्ये १९२५ साली क्रमशः आली आणि १९२६ साली पुस्तकरूपाने निघाली. किंग्ज ॲबट नावाचे एक खेडे. एक श्रीमंत विधवा झोपेच्या औषधाच्या अतिरेकाने मरते. कोणीतरी तिला धमकावून पैसे उकळत होता, असे कळते. पाठोपाठ गावचा धनिक रॉजर ॲक्रॉइड आपल्याच अभ्यासिकेत सुरा भोसकलेला सापडतो. संशयाला जागा सर्वांवर आहे: सावत्र मुलगा, चिटणीस, बटलर, घर सांभाळणारी बाई, पाहुणा आलेला मेजर, गावचे डॉक्टर, डॉक्टरांची चौकस बहीण. शेजारी एक टेंगणा परदेशी गृहस्थ निवृत्त होऊन भोपळ्यांची लागवड करीत असतो. तो हर्क्युल पॉयरो. खोलीतली एक खुर्ची जागेवरून जराशी हललेली होती, एवढ्याशा गोष्टीवर तो अडून बसतो. शेवटाची कल्पना बाईंना दोघांनी स्वतंत्रपणे सुचवली होती: एक त्यांचे मेहुणे जेम्स वॉट्स आणि दुसरे लॉर्ड माउंटबॅटन, जे पुढे हिंदुस्थानचे शेवटचे व्हाइसरॉय झाले.

पुस्तक निघाले आणि वाचकांत दोन तट पडले. एक तट म्हणाला, काय बुद्धी! दुसरा म्हणाला, ही फसवणूक आहे, लेखिकेने खेळाचा नियम मोडला. डोरोथी सेयर्स ही स्वतः रहस्यकथा लिहिणारी बाई ख्रिस्तीच्या बाजूने उभी राहिली. तिचे म्हणणे थोडक्यात असे की, वाचकाचे कामच मुळी सर्वांवर संशय घेण्याचे आहे. त्याने एखाद्याला आपण होऊन वगळले, तर दोष लेखिकेचा कसा? पुढे १९२८ साली एस. एस. व्हॅन डाइनने रहस्यकथेचे वीस नियम छापले. १९२९ साली रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरूने दहा आज्ञा घातल्या: गुप्त खोल्या एकापेक्षा जास्त नकोत, सापडलेला पुरावा गुप्तहेराने वाचकापासून लपवू नये, जुळे भाऊ आणायचे तर आधी पूर्वसूचना हवी, वगैरे. १९३० साली लेखकांनी ‘डिटेक्शन क्लब’ स्थापन केला. चेस्टरटन त्याचे पहिले अध्यक्ष. या साऱ्यात गंमत होतीच. पण गंमतीच्या आत एक गंभीर मागणी होती. वाचकाला फसवा, पण त्याच्याशी खोटे बोलू नका.

आता दुसऱ्या टोकाचे समीक्षक पाहा. अमेरिकेचे थोर टीकाकार एडमंड विल्सन यांनी १९४४ साली ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात लोक रहस्यकथा वाचतात तरी का, असा लेख लिहिला. त्यात त्यांनी ख्रिस्तीबाईंची एक नवी कादंबरी वाचल्याचे, खुनी ओळखता न आल्याचे आणि शेवटी आश्चर्य वाटल्याचे प्रांजळपणे कबूल केले. आणि तरी पुन्हा या वाटेला जाणार नाही, असेही सांगून टाकले. वाचकांच्या पत्रांचा पाऊस पडला. तेव्हा १९४५ च्या जानेवारीत त्यांनी दुसरा लेख लिहिला. त्याचे शीर्षकच होते, ॲक्रॉइडला कोणी मारले याची पर्वा कोणाला आहे? शीर्षक जगभर गाजले. वाचकहो, मौज अशी की, ज्याच्या नावावर शीर्षक गाजले, त्या ॲक्रॉइड कादंबरीची चिकित्सा त्या लेखात नाहीच. सेयर्सच्या एका नावाजलेल्या कादंबरीची पुष्कळ पाने तर आपण गाळली, हे त्यांनी स्वतःच लिहिले आहे. मी विचारतो, कवितेची कडवी गाळून कवितेवर निकाल देणाऱ्याला आपण टीकाकार म्हटले असते काय?

आमच्या व्यासपीठावरचे विद्वान याच घराण्यातले. त्यांचे सूत्र असे: खुनी कळला की पुस्तक संपले, म्हणून ते साहित्य नव्हे. हे सूत्र तपासायला सोपे आहे. खुनी कळल्यावर पुस्तक पुन्हा वाचून पाहावे.

ॲक्रॉइड मी पाच वेळा वाचली आहे. पहिल्या वेळी गोष्ट वाचली. पुढच्या चार वेळी वाक्ये वाचली. पहिल्या वाचनात जे वाक्य साधे, निरुपद्रवी, पुढे सरकण्यापुरते वाटते, तेच दुसऱ्या वाचनात थांबवून धरते. एकेका वाक्याला दोन अर्थ आहेत आणि दोन्ही खरे आहेत. कुठे काय सांगितले, त्यापेक्षा कुठे काय सांगायचे राहिले, याला महत्त्व आहे. उठता बसता आनंदवर्धनाचे नाव घेणाऱ्या आणि ध्वनी हा काव्याचा आत्मा म्हणून वर्गात शिकवणाऱ्या मंडळींना, वाच्यार्थाच्या पोटात दडलेला दुसरा अर्थ खुनाच्या कादंबरीत आला की ऐकू का येऊ नये? कान तेच आहेत. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर सुरा दिसला की हे कानांवर हात ठेवतात, एवढेच.

विरुद्ध बाजूचे जे खरे आहे, ते मी मान्य करतो. ख्रिस्तीबाईंची बरीचशी पात्रे खोल नाहीत. नोकरमाणसांकडे पाहण्याची त्यांची नजर त्यांच्या वर्गाची आहे. २०१३ साली ब्रिटनच्या ‘क्राइम रायटर्स असोसिएशन’च्या सभासदांनी याच कादंबरीला आजवरची सर्वोत्तम गुन्हेकथा म्हणून कौल दिला, पण कौल म्हणजे पुरावा नव्हे, हेही मला कळते. माझा आक्षेप पुस्तक नाकारण्यावर नाहीच. वाचून नाकारा. पिएर बायार नावाच्या फ्रेंच प्राध्यापकाने १९९८ साली अख्खे पुस्तक लिहून पॉयरोचा निकाल चुकला, खुनी वेगळाच आहे, असा दावा मांडला. मला तो पटत नाही. पण त्या माणसाने ओळ न् ओळ वाचली, प्रश्न विचारले, आणि कादंबरीला उलटतपासणीच्या लायकीची मानले. समीक्षेने मान द्यायचा तो असा.

आता आपल्या घरात येऊ. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक पुस्तके लिहिली. झुंजार, काळापहाड, धनंजय ही नावे ऐकली की आजही आमच्या वयाच्या माणसांचे डोळे चमकतात. गुरुनाथ नाईकांच्या शेकडो कादंबऱ्या झाल्या. सुहास शिरवळकरांनी मंदार पटवर्धन आणि फिरोज इराणी उभे केले, ‘दुनियादारी’ही त्यांचीच. यांतले सगळेच उत्तम होते काय? मुळीच नाही. ज्या वेगाने हे लिहिले गेले, त्या वेगात पुष्कळ पुस्तके सैल, एकमेकींसारखी आणि शेवटी योगायोगावर तगलेली असणार, हे सांगायला पंडित नको. पण बरे कोणते आणि वाईट कोणते, हे सांगायला पंडितच हवा होता! सेयर्सबाईंनी १९३३ पासून दोन वर्षे ‘संडे टाइम्स’मध्ये आठवड्याच्या आठवड्याला गुन्हेकथांची परीक्षणे केली. कोणाचा पुरावा कच्चा, कोणाची भाषा ढिली, हे नाव घेऊन सांगितले. आपल्याकडे असे सदर सातत्याने चालवलेले माझ्या तरी पाहण्यात नाही. सर्व गठ्ठा एका शिक्क्याने बाद. जिथे सोने आणि पितळ एकाच भावाने नाकारले जाते, तिथे सोनाराने मेहनत कशासाठी करावी? बंगालीत १९३२ साली शरदिंदू बंद्योपाध्यायांचा ब्योमकेश आला, १९६५ साली सत्यजित रायांचा फेलूदा आला. सुशिक्षित बंगाली घरांत ती पुस्तके कपाटाच्या पुढच्या रांगेत असतात. आपल्याकडे ती गादीखाली राहिली.

आणि वाचक म्हणून आपणही धुतल्या तांदळाचे नाही. ‘एका बैठकीत संपवली’, ‘शेवटपर्यंत कळले नाही’ या दोन वाक्यांपलीकडे आपले मत जात नाही. धक्का बसला म्हणजे चांगली, नाही बसला म्हणजे वाईट. धक्का प्रामाणिकपणे दिला की खिशातून ऐनवेळी काढला, हे कोण पाहतो? आमच्या वाचनालयात तर रहस्यकथांच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावर पेन्सिलीने ‘खुनी – मामा’ असे लिहून ठेवणारे महाभाग आहेत. समीक्षक व्यासपीठावरून करतात, तेच हे पेन्सिलीने करतात.

यावर कोणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीसाठी केवढा हा त्रागा! पुण्या-मुंबईत ही गोष्ट एवढीशी असेल. तिथे मुलाच्या कानांवर रस्त्यातून, फलकांवरून, वर्गातून मराठी पडतच असते. आपल्याकडे मराठी पुस्तक वाचायला मुलाला परीक्षा भाग पाडत नाही, नोकरी भाग पाडत नाही. ‘पुढे काय झाले’ ही एकच ओढ त्याला पान उलटायला लावते. ती ओढ हलकी म्हणून तुम्ही हिणवलीत, तर मागे उरते काय? भाषेच्या हक्कासाठी आपण मोर्चे काढले, पिढ्या घातल्या. ज्या भाषेसाठी हे केले, तिच्यातले एक पुस्तक मुलाने आपखुशीने हातात घ्यावे, यासाठी आपण काय केले?

नातीची गोष्ट पुरी करतो. व्याख्यानाहून परतताना मी तिला म्हणालो, “राहू दे आता. दुसरी गोष्ट सांगतो.”

ती म्हणाली, “नको. तीच सांगा की, आजोबा. कोण ते कळलंय, पण लपवलं कसं ते बघूया की.”

आणि उरलेली अकरा प्रकरणे तिने मला सुखाने सांगू दिली नाहीत. “थांबा, ते वाक्य परत सांगा.” “मागं काय म्हणाला होता तो?” “हे तुमचं मराठी आहे, का पुस्तकात असंच आहे?” तिच्या त्या शेवटच्या प्रश्नाने मी दोनदा माझे भाषांतर दुरुस्त केले. नववीतल्या पोरीने त्या विद्वानांचे सूत्र खोटे पाडले: खुनी कळला आणि पुस्तक संपले नाही. पण म्हणून त्यांचा अपराध कमी होत नाही. दुसरे वाचन हवे तेव्हा करता येते. पहिले एकदाच मिळते. ते त्यांनी तिच्याकडून काढून घेतले आणि वर टाळ्या घेतल्या.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. वाचनालयांनी रहस्यकथांना नोंदवहीत क्रमांक द्यावा आणि बरी बांधणी करून त्या दर्शनी ठेवाव्यात. आपल्या अंकांनी दरवर्षी एका तरी मराठी रहस्यकादंबरीचे कसून परीक्षण छापावे. वाईट असेल तर सालटी काढावीत, पण पुरावे देऊन. आणि परीक्षण करणाऱ्याने पुस्तक पुरते वाचावे, पाने गाळू नयेत, खुन्याचे नाव सांगू नये.

गेल्या महिन्यात नातीने आपण होऊन वाचनालयातून शिरवळकरांची एक जुनी कादंबरी आणली. पहिलेच मराठी पुस्तक, जे तिने मागून घेतले. ती आंघोळीला गेली तेव्हा मी पाने चाळली. तिसऱ्या पानावर, समासात, पेन्सिलीने कोणीतरी आपली विद्वत्ता नोंदवलीच होती.

मी खोडरबर घेतले आणि ती नीट पुसून टाकली.